मदत हवी आहे : कुत्रीच्या अंत्यविधीसाठी जलदहन नागपुरात होतं का?

मंडळी, आमच्या मोतीच्या किडन्या जवळपास निकामी झाल्यात. तळहातावर धरलेलं पाणी तेवढं चाटते. डॉक्टरांनी मनाची तयारी ठेवायला सांगितलंय. आम्ही मानेवाड्यात फ्लॅटमध्ये राहतो, पुरायला स्वतःची जागा नाही. कुठंतरी माळावर पुरलं आणि भटक्या कुत्र्यांनी उकरलं तर? ते मला सोसवणार नाही.

अ‍ॅक्वामेशनबद्दल, म्हणजे आगीऐवजी पाण्यानं होणाऱ्या या जलदहनाबद्दल, वाचलं. सुमारे ९५ टक्के पाणी, बाकी पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारखा अल्क (अल्कली). कमी दाबाच्या यंत्रात देह ठेवून हे द्रावण तापवतात, १८ ते २० तासांत फक्त हाडं उरतात. ती वाळवून भुकटी करून देतात. ज्वाळा नाही, धूर नाही. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेसमंड टूटू यांचा अंत्यविधीही २०२२ मध्ये असाच झाला होता. मोतीच्या मागच्या पायात स्टीलचा रॉड आहे, तोही म्हणे जसाच्या तसा निघतो.

नागपुरात किंवा आसपास ही सोय आहे का? सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात कुणी विचारलंय? दुसऱ्या शहरात न्यायचं झालं तर या उन्हात तोवर देह कसा ठेवायचा? अस्थी रामटेकच्या अंबाळा तलावात सोडायची आईची फार इच्छा आहे. प्राण्यांच्या अस्थींना तिथं कुणी हरकत घेतं का, तेही सांगा. वेळ कमी आहे, जे ठाऊक असेल ते लगेच कळवा.