मनीप्लांट, कण्हेर आणि लिली: घरात कुत्रा-मांजर असताना काय करावे?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)
पाऊस लागला की आम्ही गच्चीवरच्या कुंड्या घरात घेतो. यंदा घरात चार महिन्यांचे पिल्लू आणि एक मांजर आहे. काल पिल्लाने मनीप्लांटचे पान चघळले आणि त्यानंतर बराच वेळ त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढावी, असे सासूबाईंचे म्हणणे होते. मी पाजले नाही. माझे चुकले का? कोरफड, कण्हेर आणि लिलीच्या कुंड्याही घरातच आहेत.

उत्तर (खानापूर)
ताई, आपण योग्य तेच केलेत. मिठाच्या पाण्याने रक्तातील सोडियम वाढून पिल्लू दगावू शकते. मनीप्लांटमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्च्या अळूने आपला घसा खाजतो, तोच हा प्रकार. तोंड धुऊन थोडे पाणी पाजावे, मात्र घसा सुजला किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठावा. कोरफडीने उलट्या-जुलाब होतात.

उत्तर (निपाणी)
कण्हेर मात्र आजच बाहेर काढा. पूजेला फुले हवीत म्हणून आम्ही ती दारातच लावली होती, आणि छाटणीनंतर अंगणात राहिलेल्या फांद्या चघळून आमचा कुत्रा एका रात्रीत गेला. पान, फूल, खोड, साऱ्यांतच हृदयाचे ठोके बिघडवणारे विष असते. पिवळ्या कण्हेरीचेही तसेच. दवाखान्यात जाताना फांदी सोबत न्यावी आणि डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर ‘कणगिले’ म्हणावे, कारण आमचा वेळ झाडाचे नाव समजावण्यातच गेला.

उत्तर (शहापूर)
लिली नेमकी कोणती, हे आधी पाहा. पीस लिली नावापुरतीच लिली असून तिचा त्रास मनीप्लांटसारखाच असतो. परंतु कंदापासून उभा दांडा येऊन ज्याला मोठी फुले लागतात, ती खरी लिली असेल तर मांजराने अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतले पाणी प्यायले, तरी एक ते तीन दिवसांत त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी सलाइन सुरू व्हावे लागते. कुत्र्यांना तिचा एवढा धोका नसतो.

प्रश्नकर्ती
आमची उभ्या दांड्याचीच निघाली. मांजर नसलेल्या शेजाऱ्यांकडे ती आताच देऊन आले, आणि परागकण पडलेली फरशीही पुसून घेतली. कण्हेर गच्चीवर परत गेली आहे आणि गच्चीच्या दाराला कडी घातली आहे. आता घरात अरेका पाम आणि स्पायडर प्लांट एवढेच ठेवले आहेत.

उत्तर (शहापूर)
ती दोन्ही कुत्र्या-मांजरांना विषारी नाहीत. मांजराच्या अंगावर पराग दिसला तर मात्र त्याला चाटू न देता ओल्या फडक्याने पुसून लगेच डॉक्टरांकडे न्या.