लिंबाच्या पालवीवर चंदेरी रेघोट्या, मदत हवी आहे

मंडळी, आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. अंगणात चार वर्षांचं कागदी लिंबू, त्याला खेटून कुंतीचं झुडूप आणि नळापाशी कढीपत्ता. पावसाळा लागल्यापासून लिंबाची कोवळी पालवी मुरडतेय. पान उजेडात धरलं की गोगलगाय फिरून गेल्यासारखी चकचकीत नागमोडी रेघ दिसते, तिच्या मधोमध दोऱ्याएवढी काळपट ओळ. टाचणीने पापुद्रा सोलला तर रेघेच्या टोकाला पिवळट अळी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. जुन्या, जाड पानांना मात्र काही नाही.

वैतागून जुलैत सगळे शेंडे छाटले. नवी पालवी आली ती आधीपेक्षा वाईट! मग औषधांच्या दुकानात पान दाखवलं. 'टोमॅटोवरची नागअळीच ही' म्हणत त्यांनी बाटली दिली. दोनदा फवारलं, फरक शून्य. आता कुंतीच्याही दोन शेंड्यांवर तशीच रेघ आहे. कढीपत्ता अजून स्वच्छ, पण तो रोज फोडणीत जातो म्हणून धाकधूक. पुन्हा छाटू का?

प्रतिसाद : ताई, कात्री ठेवून द्या. टोमॅटोवरची नागअळी माशीची असते, तुमची पतंगाची. शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. पंख पसरूनही अर्ध्या सेंटीमीटरच्या आतबाहेर, त्यामुळे पतंग नजरेस पडतच नाही. १८५६ मध्ये कोलकात्याच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन झालं, म्हणजे पाहुणा आपल्याकडचाच. मादी फक्त कोवळ्या पानावर अंडी घालते. छाटलं की सगळीकडून एकदम पालवी फुटते, म्हणजे तुम्हीच पंगत मांडली! कुंती, कढीपत्ता, लिंबू एकाच कुळातले, तेव्हा कुंतीवर रेघ दिसली यात नवल नाही. मुरडलेली पानंही झाडाला अन्न देतात, राहू द्या. पालवी बोटभर असतानाच संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. बाटलीतलं औषध कढीपत्त्याजवळ नकोच. पानांवर खरबरीत तपकिरी ठिपके येतात का तेवढं बघा, अळीने केलेल्या जखमांतून खैऱ्या (लिंबावरचा जिवाणूजन्य रोग) लवकर शिरतो. आणि युरिया देताय का?

धागाकर्ती : दिला होता, दर पंधरा दिवसांनी मूठभर. पानं पिवळी वाटली म्हणून.

प्रतिसाद : बंद करा, त्यानेही कोवळी पालवी फुटत राहते. आणि पानाची दुमडलेली कड उलगडून बघा.

धागाकर्ती : बघितली. आत रेशमी अस्तर आणि तांदळाच्या कणीहून बारीक तपकिरी कोष. अकरा पानांत सात निघाले.