कृष्णेच्या पाणीपातळीचे जुने आकडे एक्सेलमध्ये हवेत, अर्ज कसा करू? (सांगली)

गावभागकर
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. २००५ च्या पुराची खूण आमच्या घराच्या भिंतीवर होती. २०१९ मध्ये आम्ही त्याच खुणेच्या हिशेबाने सामान वर चढवलं. त्या वेळी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि खुणेवरचं सगळं सामानही भिजलं. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. कोयनेचा विसर्ग आणि कराड, बहे, भिलवडी, आयर्विन इथल्या पातळ्यांचे गेल्या वीस वर्षांचे आकडे कुणालाही उतरवून घेता येतील असे खुले हवेत. ते मिळाले तर 'आयर्विनला इतके फूट झाले की आपल्या गल्लीत पाणी' हे प्रत्येक गल्लीला आधी सांगता येईल.

रोजचे आकडे व्हॉट्सॲपवर फोटोत फिरतात, पण जुने कुठेच सलग मिळत नाहीत. मी एका कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज केला होता. उत्तर आलं, 'माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' दुसऱ्या कार्यालयाने २१२ पानांच्या झेरॉक्स दिल्या, ४२४ रुपये भरून. त्या टाइप करत बसू का? की मागण्याची पद्धतच चुकली? अनुभवींनी सांगावं.

निवृत्त_पाटकरी
तुमच्या अर्जात किती विषय होते?

गावभागकर
काका, चार. विसर्ग, पातळ्या, पाऊस आणि पंचनाम्यांच्या याद्या. दोन पानं झाली होती.

निवृत्त_पाटकरी
मग तिथंच अडलं. महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. चार विषयांचे चार अर्ज करा, प्रत्येकावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केलीय, म्हणून आतली रीत सांगतो. आकडे दोन ठिकाणी असतात. एक गेज रजिस्टर, म्हणजे पाणीपातळीची वही, हाताने लिहिलेलं, पुरात तासातासाची नोंद त्यात सापडते. दुसरं, वर पाठवायला संगणकावर केलेलं पत्रक. अर्जात 'आपल्या संगणकात साठवलेली पत्रके, मूळ फाइलच्या स्वरूपात' असंच लिहा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मधला (ञ) वाचा. संगणकात असलेली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवणं हा हक्कच आहे. सीडीचे ५० रुपये घेतील, पण कागदाचा भारा टळेल.

'विस्तृत स्वरूपाची' म्हणून सरळ नकार देता येत नाही. कलम ७(९) मध्ये एवढंच आहे की मागितलेल्या स्वरूपात देताना कार्यालयाच्या कामावर प्रमाणाबाहेर भार पडत असेल तर स्वरूप बदलता येतं. म्हणजे माहिती द्यायचीच आहे. उत्तर मिळून ३० दिवस झाले नसतील तर २० रुपयांचं तिकीट लावून जोडपत्र ब या अपिलाच्या नमुन्यात पहिलं अपील आजच टाका. तिथं न्याय नाही मिळाला तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

कराडची_मुलगी
मीही याच धंद्यातली, म्हणून फाइल हातात आल्यावरचं सांगते. जुनी पत्रकं बहुधा डीव्हीबी सुरेख या युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये असतात. ती युनिकोडमध्ये चिकटवली की 'कोयना' वाचताच येत नाही. त्यासाठी बदलाचा एक तक्ता करून ठेवलाय, पाठवते. स्कॅन पीडीएफ असेल तर आकडे यंत्राने वाचून घ्या, पण प्रत्येक पान माणसानेही तपासा. ४३ चा ४८ झाला तर एका गल्लीची झोप उडते आणि दुसऱ्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही.

दादा, एक गोष्ट कळकळीने सांगते. 'संकेतस्थळावर आहे तर स्क्रिप्टने ओढून घेऊ' हा मोह मलाही झालाय. आरन श्वार्ट्झ या तरुण अमेरिकन प्रोग्रामरने २००८ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयांची लाखो कागदपत्रं उतरवून खुली केली होती. कागदपत्रं सार्वजनिकच, पण बघायला पानामागे आठ सेंट लागत. एफबीआयने चौकशी केली, गुन्हा दाखल झाला नाही. पुढे दुसऱ्याच प्रकरणात, शोधनिबंध उतरवल्याबद्दल त्याच्यावर खटला भरला आणि २०१३ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी तो गेला. मला त्याच्याबद्दल अपार आदर आहे. म्हणूनच म्हणते, आपल्याकडे परवानगीशिवाय संगणकातून माहिती उतरवण्याविरुद्ध माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आहे. कॅप्चा चुकवू नका, लॉगिन ओलांडू नका. आपल्या हातात अर्ज आहे, तोच वापरा.

भिलवडीचे_सर
माझं वेगळं म्हणणं आहे. अर्ज एकदाच का करायचा? कलम ४ म्हणतं की कार्यालयाने आपण होऊन, ठरावीक काळाने माहिती प्रसिद्ध करत राहावी, म्हणजे लोकांना अर्ज करायची वेळच येऊ नये. हीच मागणी ग्रामसभेच्या ठरावातून करा. आमच्या भागातल्या आठ-दहा ग्रामपंचायतींनी 'आकडे फोटोत नको, रोज एका फाइलमध्ये द्या' असा ठराव केला तर त्याला वजन येईल. एका प्रोग्रामरचा अर्ज फायलीत जातो, गावाचा ठराव तितका सहज जात नाही. केंद्राकडे खुल्या माहितीचं धोरण २०१२ पासून आहे, ठरावात त्याचा उल्लेख जरूर करा. आणि हो, कृष्णेचे आकडे गोपनीय असल्याचं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गोपनीयतेची अट गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू अशा सीमेपलीकडे जाणाऱ्या नद्यांना.

गावभागकर
सर, ठरावाचं सुचलंच नव्हतं. मसुदा या आठवड्यात लिहितो, तुम्ही भाषा बघाल? काका, अपिलाची मुदत अजून नऊ दिवस आहे, उद्याच टाकतो. पण २०१० च्या आधीचं संगणकात नसेल तर?

निवृत्त_पाटकरी
मग रजिस्टर बघायचं. सोमवारी दुपारी ३ ते ५ जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत नागरिकांना अभिलेख पाहायला मिळावेत असं २०१८ चं शासन परिपत्रक आहे, त्याची प्रत सोबत ठेवा. आधी पत्र देऊन कोणत्या वर्षांची रजिस्टरं हवीत ते कळवा, म्हणजे काढून ठेवतील. फोटो काढायची परवानगी त्याच पत्रात मागा. जुन्या नोंदी फुटांऐवजी मीटरमध्ये असू शकतात, आणि मोजपट्टीचा शून्य कुठून धरलाय ते बहुधा पहिल्या पानावर असतं. ते पान सोडू नका. येत्या सोमवारी मी मोकळा आहे, बरोबर येतो.