उत्तर: डॉ. आनंदीबाई जोशी

ताई, 'व्यक्ती ओळखा' खेळातलं तुमचं कोडं ओळखलं! डॉ. आनंदीबाई जोशी. 'माहेरचं नाव यमुना' एवढ्यावर खात्री होत नव्हती, पण 'अस्थी अमेरिकेत पुरल्या' म्हणालात आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीतला तो दगड डोळ्यांपुढे आला. १८८६ साली डॉक्टर झाल्या, १८८७च्या फेब्रुवारीत गेल्या. वय जेमतेम एकवीस! दर वेळी आठवलं की पोटात तुटतं. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही त्यांचं नाव आहे, हा क्लू तुम्ही मुद्दाम राखून ठेवलात ना?

आता माझी पाळी. पुरुष, हयात नाहीत, कऱ्हाडजवळच्या गावचे. १९४८ साली लंडनला सहावे, चार वर्षांनी हेलसिंकीत तिसरे. प्रश्न फक्त हो-नाही उत्तराचे विचारा. कोल्हापूरकरांनी जरा दम धरा, नव्या मंडळींना आधी खेळू द्या.