मदत हवी आहे: १९६३ च्या पॉन्टिअ‍ॅकला पाण्याचा पंप बसत नाही

हॅमिल्टनकर: गाडी १९६३ ची पॉन्टिअ‍ॅक, व्ही-८. पाण्याचा पंप गळतोय म्हणून अमेरिकेतून नवा मागवला. खोक्यावर स्पष्ट लिहिलंय, पॉन्टिअ‍ॅक व्ही-८, १९६३. बोल्टची भोकं कुठेच जुळत नाहीत आणि दुकानदार परत घेत नाही. शनिवारी बाबा भारतातून येताहेत, त्यांना याच गाडीतून घरी आणायचंय. कोणता पंप घेऊ, एवढंच सांगा.

पान्हा१४: मॉडेल कुठलं? इंजिन कितीचं? फोटो टाका.

हॅमिल्टनकर: व्ही-८ लिहिलंय की वर. मागे 'लॉरेन्शियन' लिहिलंय, पण पंपाचा त्याच्याशी काय संबंध?

ओशावाकाका: अहो, सगळा संबंध तिथेच आहे! लॉरेन्शियन ही कॅनडाची गाडी, ओशावाला बनलेली. वरून पॉन्टिअ‍ॅक, खाली चासी आणि इंजिन शेव्हर्लेचं. तेव्हा अमेरिकेतून तयार गाडी आणली की जकात पडायची, आणि इथल्या छोट्या बाजारासाठी वेगळी इंजिनं बनवणं परवडायचं नाही. १९६५ च्या कॅनडा-अमेरिका वाहन करारानंतर ती जकात उठली. तुमच्याकडे बहुधा शेव्हर्लेचं २८३ घन इंचांचं इंजिन असणार.

कॅटालिनाप्रेमी: चूक. १९६३ च्या पॉन्टिअ‍ॅकला ३८९ असतं. माझ्याकडे आहे, मी स्वतः उघडलंय.

ओशावाकाका: तुमची कॅटालिना हे अमेरिकन मॉडेल आहे, त्यात त्यांचं स्वतःचं इंजिन. तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १२० इंच, हिचा ११९. चाकांच्या बोल्टचं वर्तुळसुद्धा वेगळं, तुमचं ५ इंचांचं, हिचं पावणेपाच. ब्रेकचे भाग मागवतानाही हेच ध्यानात ठेवा.

बर्फातला_पुणेकर: हिवाळ्यात मुळीच बाहेर काढू नका. रस्त्यावरचं मीठ दारांच्या खालच्या पट्ट्या आतून खातं. माझी गाडी अशीच गेली.

क्रेटवाला: कशाला जुन्याच्या मागे लागताय? १९७० नंतरचं ३५० टाका, पुढे डिस्क ब्रेक लावा, कटकट संपली.

ओशावाकाका: मूळ इंजिन असेल तर हात लावू देऊ नका कुणाला. आणि त्यांनी पंप विचारलाय.

मिरजकर: आमच्या आजोबांचा फार्गो ट्रक होता, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेला. फार्गोही कॅनडाचाच का?

पान्हा१४: डॉजचेच ट्रक कॅनडात फार्गो म्हणून १९७२ पर्यंत विकले. पण त्यासाठी वेगळा धागा काढा हो. हॅमिल्टनकर, जुना पंप कसा दिसतो ते सांगा. ३८९ चा पंप टायमिंग कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या झाकणावर बसतो. शेव्हर्लेच्या पंपाला दोन पाय असतात, प्रत्येकी दोन बोल्ट, थेट ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात.

हॅमिल्टनकर: आत्ताच गॅरेजमधून आलो. दोन पाय, चार बोल्ट. व्हॉल्व्ह कव्हरवरचा (इंजिनाच्या वरच्या झाकणावरचा) काळा थर खरवडला तर खाली नारिंगी रंग लागला.

ओशावाकाका: नारिंगी इंजिन म्हणजे शेव्हर्लेचं. आता एक काळजी घ्या. २८३ ला आखूड पंप लागतो, सुमारे ५.६ इंचांचा. १९६९ पासूनचा लांब पंप जवळजवळ ७ इंचांचा असतो. तोही चार बोल्टवर बसेल, पण पुली सरळ रेषेत येणार नाहीत आणि पट्टा निसटेल. मागवण्याआधी जुना पंप मोजा.

हॅमिल्टनकर: मोजला. साडेपाचच्या जरा पुढे. गावातच एकाकडे आखूड पंप आहे म्हणतात, उद्या सकाळी सातला त्याच्या दारात. काका, गॅस्केटला सीलंट लावू की कोरडंच बसवू?