निकॉन डी ९० ठेवावा की डी ७२०० घ्यावा? दशावतार, रापण आणि कातळशिल्पांच्या छायाचित्रणासाठी सल्ला हवा

रापणकाठ (मालवण)

नमस्कार. माझ्याकडे २०१० साली घेतलेला निकॉन डी ९० आहे. त्याच्यासोबत आलेली १८-१०५ मिमी आणि नंतर घेतलेली ७०-३०० मिमी, अशा दोन लेन्सवर माझे आजवरचे सगळे काम झाले आहे. आता कुडाळचे एक स्नेही मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याकडे वळले असून त्यांचा डी ७२०० ते मला देऊ करत आहेत. ते सांगतात ती किंमत मला झेपण्यासारखी आहे, पण ती पूर्ण विचार केल्याशिवाय खर्च करावी इतकी लहान नाही.

मी मुख्यतः तीन प्रकारची छायाचित्रे घेतो: पहाटेच्या वेळी किनाऱ्यावर ओढली जाणारी रापण (मासेमारीचे लांबलचक जाळे), जत्रेतले दशावतारी नाटक आणि कुडोपी व आसपासच्या सड्यांवरची (जांभ्याच्या पठारांवरची) कातळशिल्पे. गावच्या वाचनालयात दशावताराच्या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडायचे ठरले आहे आणि त्यासाठी १२ × १८ इंचांचे छाप काढायचे आहेत. अडचण तिथेच येते. रात्री नाटकात एफ/५.६ (लेन्सचे छिद्र; आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ठेवूनही शटर १/६० सेकंदाच्या पुढे जात नाही. युद्धाच्या प्रसंगात पात्रांचे हात हलल्यासारखे येतात आणि आडदशावतारात (मुख्य नाटकाआधीच्या पूर्वरंगात) संकासुर हा असुर आला की त्याचा काळा पोशाख म्हणजे नुसता दाणेदार डाग दिसतो. शिवाय अलीकडे सगळीच चित्रे मला थोडी धूसर वाटू लागली आहेत.

डी ९० हा २००८ चा कॅमेरा, १२.३ मेगापिक्सेलचा, डी ७२०० हा २०१५ चा, २४.२ मेगापिक्सेलचा. या सात वर्षांच्या अंतराने माझ्या या अडचणी खरोखर सुटतील का, हे ज्यांनी दोन्ही हाताळले आहेत त्यांनी कृपया सांगावे.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

आपल्या अडचणीतला मोठा वाटा कॅमेऱ्याचा नसून लेन्सचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एफ/५.६ वरून एफ/१.८ वर गेल्यास तीन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) थोडा अधिक प्रकाश आत येतो, म्हणजे आज जिथे १/६० मिळतो तिथे त्याच आयएसओवर १/५०० मिळू शकतो. उलट, त्याच लेन्सने डी ९० वरून डी ७२०० वर गेल्यास आणि दोन्ही चित्रे सारख्याच आकारात छापल्यास, वाढीव आयएसओवर मिळणारा फायदा एका स्टॉपपेक्षा कमीच भरतो. नवा कॅमेरा आयएसओ २५६०० पर्यंत जातो हे खरे. पण तिथवर जाऊन घेतलेले चित्र भिंतीवर लावावेसे वाटेल, असे मला वाटत नाही.

म्हणून आधी ५० मिमी एफ/१.८ डी ही लेन्स घ्यावी. ती जुन्या पद्धतीची असल्याने तिच्यात स्वतःची मोटर नाही, परंतु डी ९० आणि डी ७२०० या दोघांच्याही बॉडीत फोकसची मोटर असल्यामुळे ती दोन्हीवर नीट चालते. (मिररलेसकडे वळण्याचा सल्ला कोणी देईलच, तेव्हा एवढे ध्यानात असू द्या की जुन्या लेन्स मिररलेसवर बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये अशी मोटर नसते आणि या लेन्सचा फोकस तिथे हाताने करावा लागतो.) एफ/१.८ वर नाकाच्या शेंड्यावर फोकस गेला तर डोळे सुटतात, त्यामुळे प्रत्यक्ष नाटकात एफ/२.२ च्या आसपास राहिलेले बरे. फ्लॅश मात्र कृपया वापरू नये. पायपेटी आणि पखवाजाच्या ठेक्यावर रंगलेल्या पात्राच्या तोंडावर तो मारणे हा त्या कलावंताचा आणि मांडवात बसलेल्या प्रेक्षकांचाही रसभंग आहे.

छापाचा हिशेब सोपा आहे. डी ९० चे चित्र ४२८८ बिंदू रुंद असते, म्हणजे १८ इंचांवर दर इंचाला सुमारे २३८ बिंदू पडतात. डी ७२०० चे ६००० बिंदू रुंद, म्हणजे दर इंचाला ३३३. भिंतीवरचे चित्र दोन-तीन पावलांवरून पाहायचे असेल तर २३८ पुरेसे आहेत. मेगापिक्सेल दुप्पट झाले तरी रुंदीतला तपशील जेमतेम १.४ पट होतो, ही गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही.

सड्यावरून (राजापूर)

वरचे गणित बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. मी डी ९० सहा वर्षे आणि त्यानंतर डी ७२०० वापरला. मला जाणवलेला खरा फरक मेगापिक्सेलमध्ये नव्हता आणि आयएसओच्या कमाल आकड्यातही नव्हता. तो सावलीत होता.

रापणीचेच उदाहरण घ्या. सूर्य डोंगरामागून वर येत असतो, पाण्यावर आणि ओल्या वाळूवर उजेड सांडलेला असतो आणि दोर ओढणारी माणसे मात्र अजून झाडांच्या सावलीत असतात. डी ९० ने अशा वेळी मला सतत निवड करायला लावली: आभाळ राखले तर माणसे काळी आणि माणसे राखली तर आभाळ कोरे पांढरे. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) सावली उजळायला गेले की तिच्यात दाणे उमटत, कधी आडव्या पट्ट्याही येत. डी ७२०० वर आयएसओ १०० ला आभाळासाठी उजेड मोजून चित्र घेतले आणि नंतर सावली दोन-तीन स्टॉप उजळली, तरी माणसांच्या चेहऱ्यांचे आणि दोराच्या पिळाचे रंग टिकून राहिले. डी ९० ची रॉ १२ बिटची आहे आणि डी ७२०० ची १४ बिटची. तरी या फरकाचे मुख्य श्रेय बिटांना नसून सेन्सरमधून संकेत वाचताना मिसळणारा गोंगाट नव्या कॅमेऱ्यात फार कमी असतो, याला आहे.

पण हा फायदा कमी आयएसओवर जितका मोठा आहे तितका आयएसओ ३२०० वर उरत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. म्हणून संकासुराचा काळा पोशाख नुसता कॅमेरा बदलून सुटणार नाही. मोठ्या छिद्राच्या लेन्सने आयएसओ ८०० किंवा १६०० वर उतरता आले, तरच नव्या सेन्सरची ताकद तिथे दिसेल.

कातळशिल्पांसाठी मात्र डी ९० बदलण्याचे काहीच कारण नाही. तिथे तिपाई असते, विषय हलत नाही आणि आयएसओ २०० वर काम होते. जांभ्यात कोरलेली रेघ उठून दिसते ती सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हामुळे; भर दुपारी नवा-जुना कुठलाही कॅमेरा नेला तरी शिल्प सपाटच येणार. डी ७२०० मध्ये लो-पास फिल्टर (सेन्सरपुढची, चित्र किंचित मऊ करणारी काच) नसल्याने दगडाची खरबरीत पोत किंचित अधिक रेखीव येते, एवढेच. नोंदीसाठी चित्र घेत असाल तर चौकटीत मापपट्टी ठेवा, कॅमेरा शिल्पाला समांतर धरा आणि उठाव यावा म्हणून रेघांत खडू किंवा रंग मुळीच भरू नका.

दर्यावर्दी (देवगड)

फोकसबद्दल थोडक्यात सांगतो. डी ९० ला ११ फोकस-बिंदू आहेत आणि त्यांतला फक्त मधला क्रॉस पद्धतीचा (आडव्या आणि उभ्या दोन्ही रेघा पकडणारा) आहे. डी ७२०० ला ५१ आहेत, त्यांतले १५ क्रॉस पद्धतीचे. मी समुद्रगरुडांची चित्रे घेतो, त्यामुळे हा फरक मला रोज जाणवतो. नाटकातही पात्र चौकटीच्या कडेला उभे असेल तर तो जाणवेल. सलग चित्रे घेताना डी ९० नऊ रॉ फाइलनंतर अडखळतो, डी ७२०० त्याच्या जवळपास दुप्पट पल्ला गाठतो. चलत्चित्राचा विचार असेल तर डी ९० ला बाहेरचा माइक जोडता येत नाही, एवढे एकच कारण पुरे आहे.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते निराळेच. आपण लिहिले आहे की अलीकडे सगळीच चित्रे धूसर वाटतात. सेन्सर वयाप्रमाणे असा धूसर होत नाही. मालवणच्या हवेत इतकी वर्षे काढलेल्या लेन्समध्ये बुरशी धरली असण्याची शक्यता फार मोठी आहे. लेन्स बॉडीवरून काढा, दोन्ही टोकांची झाकणे काढा, छिद्र पूर्ण उघडा आणि अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने विजेरी धरून तिरपे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर आपण आजवर कॅमेऱ्यावर ठेवत असलेला दोष लेन्सचा आहे. तुलना करायची तर दोन्ही बॉडींवर एकच स्वच्छ लेन्स लावूनच करावी.

आणखी एक मुद्दा कुणी मांडला नाही. निकॉनच्या ज्या लेन्सच्या नावात छिद्राच्या आकड्यापुढे ‘ई’ असते, उदाहरणार्थ २००-५०० मिमी एफ/५.६ ई, त्यांचे छिद्र विजेवर चालते आणि डी ९० ते हलवू शकत नाही. पुढे अशी लेन्स घेण्याचा मानस असेल तर जुन्या बॉडीची वाट तिथे संपते.

रापणकाठ (मालवण)

सर्वांचे मनापासून आभार. विजेरीने पाहिले. १८-१०५ च्या आतल्या काचेवर एका बाजूने तंतू पसरलेले आहेत. ७०-३०० सुदैवाने स्वच्छ आहे. चार पावसाळे मी ती लेन्स कापडी पिशवीत गुंडाळून लाकडी कपाटात ठेवत होतो, याचे आता फार वाईट वाटते.

त्यानंतर एका परिचिताकडून ५० मिमी एफ/१.८ डी मागून घेतली, स्नेह्यांचा डी ७२०० एका रात्रीसाठी आणला आणि जवळच्या जत्रेत दोन्ही बॉडींवर आलटून पालटून तीच लेन्स वापरली. एफ/२.२, आयएसओ १६०० वर १/२०० मिळाला. हात हलणे जवळजवळ थांबले. दोन्हींचे १२ × १८ चे छाप शेजारी ठेवले, तेव्हा उजेडातल्या पात्रांमध्ये तीन पावलांवरून मला फरक सांगता आला नाही. संकासुराच्या पोशाखाच्या चुण्या मात्र डी ७२०० च्या छापात मोजता येतात, डी ९० च्या छापात त्या काळोखात विरतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच कॅमेरा रापणीवर नेला आणि ‘सड्यावरून’ यांनी लिहिलेले शब्दशः पटले.

लेन्स तर मी घेतोच आहे. डी ७२०० कडेही मन झुकले आहे, पण त्याच्या तळाला तिपाई बसवण्याच्या भोकात थोडा गंज दिसला. तो घेण्याजोगा आहे का?

दर्यावर्दी (देवगड)

तिपाईच्या खारट ओल्या स्क्रूमुळे नुसत्या त्या भोकात गंज धरला असेल तर काळजीचे कारण नाही. पाहायचे ते पुढीलप्रमाणे: लेन्स बसते त्या कड्याचे चारही स्क्रू, फ्लॅशच्या जागेचे संपर्क, बॅटरीच्या खणातल्या पट्ट्या आणि कार्डाचे दोन्ही खण. यांपैकी कुठेही हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर खारे पाणी आत शिरले आहे असे समजून तो कॅमेरा सोडून द्यावा. डी ७२०० ला धूळ आणि दमट हवा रोखणारी बांधणी आहे, पण लाटेचे पाणी ती अडवत नाही. हे सगळे स्वच्छ असेल तर शटर किती वेळा चालले आहे ते चित्राच्या माहितीतून पाहावे. निकॉनने हे शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेले आहे.

बुरशीची लेन्स तज्ज्ञाकडून साफ करून येईपर्यंत बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. नव्या लेन्ससाठी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक घ्या. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहा. जेलचे मणी रंग बदलू लागले की मंद आचेवर तव्यावर सुकवून पुन्हा वापरता येतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे दर पंधरा दिवसांनी करावे लागते.