चित्र कुठल्या टप्प्यावर आहे, ते आधी विचारा

शिकणाऱ्याच्या चित्रावर मत कसं द्यावं, या चर्चेत ‘आधी दोन चांगल्या गोष्टी सांगा, मग चूक दाखवा’ असं दोघांनी लिहिलंय. ठीक आहे, नवख्याला त्याने धीर येतो. पण चित्र कुठल्या माध्यमात आहे आणि किती पुढे गेलंय, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. तैलरंगात चुकलेला भाग खरवडून पुन्हा रंगवता येतो. पारदर्शक जलरंगात मात्र कागदाचा पांढरा हाच उजेड; तो झाकला गेला की पूर्ण परत मिळणं अवघड. अल्ट्रामरीन हा निळा रंग ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उचलता येतो, थॅलो ब्लू हा दुसरा निळा मात्र कागदात असा मुरतो की डाग राहतोच. वाळलेल्या चित्राला ‘आकाश फिकं हवं होतं’ म्हटल्यावर शिकणाऱ्याच्या हाती काय लागतं? तेच पेन्सिलच्या कच्च्या रेखाटनावर सांगितलं तर चित्र वाचतं. म्हणून आमच्या शिकणाऱ्यांना मी रंग लावायच्या आधीच कच्चं रेखाटन दाखवायला सांगते.

आणि रंगांवर बोलण्याआधी चित्राचा फोटो कुठे काढलाय ते विचारा. पिवळ्या बल्बखाली पांढरा कागदसुद्धा पिवळट येतो, निळे रंग मळकट दिसतात, आणि बिचाऱ्याला ‘रंग घाण झालेत’ हे ऐकावं लागतं. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो द्यावा, सोबत त्याचीच कृष्णधवल प्रत. गडद-फिकट छटांमधला फरक तिच्यात लगेच कळतो. मत मागणाऱ्यानेही ‘कसं वाटलं?’ न विचारता ‘पुढचं झाड मागच्या डोंगरापासून सुटं दिसतंय का?’ असं नेमकं विचारावं.